बिननळीचं मटण

"ह्याची नळी कुठाय?"

बर्फाच्या पेटीचं झाकण उघडल्याबरोबर तोडकर काकांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. माझी त्याची तयारी नव्हती. प्रथिनं किती, चरबी किती, तपासणी कुठं झाली, चाखायला द्यायची परवानगी कशी मिळाली, हे सगळं मला तोंडपाठ होतं. नळीचं मात्र आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"नळी नाही काका. हाडच नाही यात. आम्ही नुसतं मांस वाढवतो."

"कलेजी?"

"नाही."

"मुंडी, पाय?"

"काहीच नाही."

"मग ह्याला बोकड म्हणायचं का दुधीभोपळा?"

"बोकडच आहे काका. त्याच्या मांडीतनं टाचणीच्या टोकाएवढं मांस काढलं आणि ते आमच्या कारखान्यात टाकीत वाढवलं. तो बोकड अजून मजेत पाला खातोय."

काकांनी पेटीत पुन्हा वाकून बघितलं. मग चुलीकडं वळले. "रंगा, ऐकलंस? आपण हितं त्याचा रस्सा ओरपायचा आणि तो तिकडं पाला खात बसणार. त्याला बी एक वाटी पाठवायला पायजे."

रंगा म्हणजे माझे सासरे, रंगराव इंगवले. कोल्हापुरातल्या आमच्या पेठेत सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, एकटे तोडकर काका सोडून. दोघं एकाच तालमीत वाढलेले, एकाच साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. अण्णा परसात चूल मांडून कांदा-खोबरं भाजत बसले होते. काकांच्या बोलण्यावर ते हसले नाहीत. चुलीपुढं बसले की ते कशालाच हसत नसत. शेजारी लसूण सोलणाऱ्या आक्कांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, म्हणाले, "तिला इचार, हे शिजायला किती वेळ लागतंय."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते.

"तीच उभी हाय की समोर," आक्का म्हणाल्या.

"अर्धा तास पुरेल अण्णा," मी म्हणाले.

"बरं म्हण तिला."

आमचं हे असंच चालायचं. अण्णा जुन्या वळणाचे. सुनेशी थेट बोलायचं नाही, काय असेल ते सासूमार्फत. त्यात राग नव्हता, त्यांच्या लेखी तो मानच होता. पण मला कधीकधी वाटायचं, या घरात मी बारा-तेरा वर्षं झाली तरी पाहुणीच आहे. माझा नवरा धैर्यशील म्हणायचा, "तुम्ही दोघं जेवढं बोलता, त्याबद्दल आईला पगार द्यायला पाहिजे."

अण्णांच्या हातचं मटण हा पेठेतला कौतुकाचा विषय होता. जावळ असो, हळद असो, जत्रा असो, हंडी चढवायची ती अण्णांनीच. आणि गंमत अशी, की हा माणूस स्वतः मटण खात नव्हता. तांबड्या रश्श्याचा थेंबसुद्धा जिभेला लावत नसे. मीठ बरोबर आहे की नाही ते वाफेवरून ओळखायचे. शंका आलीच तर पळीभर रस्सा तोडकर काकांच्या तळहातावर ओतायचे. काकांनी चाटून, डोळे मिटून मान हलवली की हंडी उतरायची.

पूर्वी असं नव्हतं म्हणे. एकेकाळी अण्णा पंगतीत बसले की वाढपी धास्तावायचे. काका त्या दिवसांचं वर्णन करायला लागले की त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं आणि अण्णा उठून निघून जायचे. सगळं सुटलं ते आमच्या सईच्या जन्माच्या वर्षी. मी बाळंतपणानंतर बरेच दिवस दवाखान्यातच होते, त्यामुळं पुढचं सगळं ऐकीव. त्या सुमारास गावची जत्रा आली, घरात लहानाचा मोठा केलेला बोकड कापला गेला आणि अण्णांनी पानाला हात लावला नाही. कुणीतरी म्हणालं, अण्णांना बोकडाची माया लागली. सगळ्यांना ते पटलं. अण्णा त्यावर हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

म्हणूनच आमच्या कंपनीच्या टाकीत पहिल्यांदा धड मटण तयार झालं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं अण्णाच आले. बोकडाच्या मानेवर सुरी नाही, रक्ताचा थेंब नाही, आणि तरी मटण. या माणसाला त्याचं सुख परत देता येईल, या कल्पनेनं मी हरखून गेले होते. हरखण्याच्या भरात मी ते कुंटे सरांपाशी बोलून गेले.

कुंटे सर आमचे मालक. पुण्याचे, हुशार, सज्जन, आणि घाईत. कोल्हापूरकरांनी खाल्लं तर महाराष्ट्र खाईल, असा त्यांचा हिशेब होता. म्हणून एक हॉल घेऊन पेठेतल्या लोकांना चाखायला बोलवायचं ठरलं होतं. पैसे लावणारी माणसंही मुंबईहून येणार होती. लोकांनी नाकं मुरडली तर टाकी बंद आणि माझी नोकरीही, हे सरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं.

"अहो, मग सासऱ्यांनाच बोलवा," सर म्हणाले. "त्यांनीच शिजवायचं आणि त्यांनीच पहिला घास घ्यायचा. बोकडासाठी मटण सोडलेला माणूस आपलं मटण खातोय. याच्यापुढं दुसरी जाहिरात नको."

मी जेवताना अण्णांपुढं विषय काढला. म्हणजे आक्कांना उद्देशून काढला. आमटी वाढता वाढता आक्कांचा हात थांबला. अण्णा बराच वेळ भाकरी कुस्करत राहिले.

"शिजवून देतो म्हण," ते म्हणाले. "खायचं बघू."

मला तेवढं पुरे होतं. बघू म्हणजे हो, असं मी धरून चालले.

कार्यक्रमाच्या दिवशी परसातली हंडी हॉलवर पोचली तेव्हा तो गच्च भरला होता. फुकटचं मटण म्हटल्यावर कोल्हापूर येणार नाही असं होतच नाही. अण्णांच्या रश्श्याचा वास दारापर्यंत पोचला होता आणि लोकांचे चेहरे त्या वासानं विरघळत होते. पण वाट्या हातात पडल्या आणि सगळं थांबलं. एकही चमचा तोंडाकडं जाईना. जो तो शेजाऱ्याकडं बघत होता, आणि शेजारी म्हणत होता, तुम्ही व्हा पुढं.

"रस्सा अण्णांचा हाय, त्याला नाव ठेवायचं न्हाई," मागून एकजण म्हणाला. "पर आतली फोड कुणाची?"

मग प्रश्नांची फैर सुरू झाली. बोकड मेला नाही तर हे शाकाहारी धरायचं का? श्रावणात चालेल? देवाला निवद दाखवता येईल? कुंटे सर माईकवरून शांतपणे प्रत्येकाला सांगत होते, "तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे." आमच्या गावात असं उत्तर दिलं की लोक समजतात, ह्याला काही माहीत नाही. पहिल्या रांगेतल्या एका मावशींनी तर सरांना धारेवरच धरलं.

"मला एवढंच सांगा. गुरुवारी हे खाल्लं तर पाप कुणाला लागायचं? मला का तुमच्या टाकीला?"

हॉल हसला. सरही हसले, पण त्यांच्या कपाळावर घाम आला होता. तेवढ्यात तोडकर काका उठले.

"सायेब, राग मानू नका. तुम्ही सोता किती खाल्लंय हे?"

सर गडबडले. "मी... म्हणजे आमच्या घरी चालत नाही हो. मी जन्मापासून शाकाहारी. पण विज्ञान म्हणून बघाल तर हे अगदी शंभर टक्के..."

पुढचं कुणी ऐकलंच नाही. हशा असा उसळला की दोन-तीन वाट्या कलंडल्या. करणारा खाईना आणि आम्हाला खा म्हणतोय, असं एकाचं दुसऱ्याला सांगणं सुरू झालं. काहीजण वाट्या खुर्चीखाली ठेवून चपला शोधायला लागले. मुंबईची माणसं मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती.

सरांनी हुकमाचं पान काढलं.

"मंडळी, थांबा! हा रस्सा ज्यांनी केला, ते अण्णा इंगवले आता आपल्यापुढं पहिला घास घेणार आहेत."

चपला घातलेले लोक तसेच उभे राहिले. अण्णा मटण खाणार, हे पेठेनं किती वर्षांत ऐकलं नव्हतं.

अण्णा हात धुऊन, टोपी नीट करून व्यासपीठावर गेले. कुणीतरी त्यांच्या हातात वाटी दिली. मी बाजूला पडद्यापाशी उभी होते. मला फक्त त्यांचा चेहरा बघायचा होता, पहिला घास घेतानाचा. इतक्यात माझ्या मनगटावर आक्कांची पकड बसली.

"थांबव त्यांस्नी."

"का?"

"खाऊ नका म्हणून सांग. आत्ताच्या आत्ता."

"आक्का, बोकड मेलेलाच नाही. किती वेळा सांगितलं मी."

"बोकडाचं कोण घेऊन बसलंय!" त्यांनी पकड आणखी आवळली. "तुझ्यासाठी सोडलंय त्यांनी. सईच्या येळंला डाक्टरनं हात टेकलं हुतं. तू शुद्धीवर न्हवतीस, तुला काय ठावं. तिथंच जोतिबाचं नाव घेऊन बोलले, पोर वाचू दे, मटण जन्मात जिभंला लावणार न्हाई. दुसरं काय सोडणार? तेच लाडकं हुतं."

मी आक्कांकडं वळले.

"मला का नाही सांगितलंत?"

"ज्याच्यासाठी नवस बोलायचा त्याला सांगायचं नसतंय. म्हणून गप बसलो. लोक बोकड म्हणाले, बरं झालं म्हटलं."

"मग ते तयार तरी का झाले? वर का गेले?"

"तू म्हणालीस म्हणून. तुझ्या कामाचं हाय म्हणून." आक्कांनी पदर तोंडाशी धरला. त्यांना पुढचं बोलायची लाज वाटत होती. "आन् जीव बी गुंतलाय त्यांचा. चार दिस झालं, मला इचारत्यात, टाकीतलं म्हंजे ते मटण न्हवंच की ग? न्हवंच की? ल्हान पोरागत. मी अडाणी, मी काय सांगू?"

व्यासपीठावर अण्णा वाटी घेऊन उभे होते. चमचा त्यांनी अजून उचलला नव्हता. सगळे मोबाइल त्यांच्याकडं रोखलेले. ते हॉलकडं बघतच नव्हते. त्यांनी मान वळवून मला शोधलं. सरांनी धरलेला माईक त्यांच्या तोंडापाशीच होता, त्यामुळं त्यांचा हळू आवाजही सगळीकडं ऐकू गेला.

"सूनबाई."

आक्कांना नाही, मला. थेट.

"हे मटण हाय का न्हाई, एवढं तू सांग. तू म्हणशील ते माझ्या लेखी खरं."

मी त्या क्षणी नाही म्हणू शकले असते. त्याला अगदी खोटंही म्हणता आलं नसतं. याला आई नाही, बाप नाही, हे कधी पायावर उभं राहिलं नाही, ओरडलं नाही, मग कसलं मटण, असं मी जोरात बोलले असते तर कोण भांडणार होतं? कुंटे सरांचा व्यवसाय तिथल्या तिथं बुडाला असता, पण तो तसाही बुडत होता. आणि अण्णांनी खाल्लं असतं. इतक्या वर्षांनी, निवांत, मनाला टोचणी न लावून घेता. ते मला दिसत होतं. त्यांचे डोळे माझ्या तोंडून एकच शब्द मागत होते आणि तो शब्द अगदी ओठांवर आला होता. मला ते सुख त्यांना द्यायचं होतं, खूप द्यायचं होतं.

पण मी सकाळपासून शंभर माणसांना सांगत होते की हे मटणच आहे, आणि ते मला मनापासून माहीत होतं. ज्या माणसानं देवाकडून माझा जीव मागून घेतला, त्याला त्याच जिवानं फसवायचं? उद्या त्यांना कळलं असतं तर? नसतं कळलं तरी मला कळलेलं होतंच.

"मटणच आहे, अण्णा," मी म्हणाले.

ते हॉलभर ऐकू गेलं असावं, कारण सगळ्या माना माझ्याकडं वळल्या.

अण्णांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेलं, ते मी पाहिलं. त्यांनी वाटी नाकापाशी नेली, एक लांब श्वास घेतला आणि वाटी टेबलावर ठेवून दिली.

"मग मला चालत न्हाई," ते लोकांना म्हणाले. "माझ्या वाटणीचं तोडकरला द्या."

आणि हात जोडून ते मागच्या दारानं निघून गेले. कुंटे सर माईक हातात धरून तसेच उभे राहिले. मला वाटलं, संपलं सगळं. सुनेच्या कार्यक्रमात सासऱ्यानंच नको म्हटल्यावर पुढं कोण थांबणार?

तोडकर काका मात्र जागेवरच उभे होते. त्यांची बत्ती हळूहळू पेटत होती, ते लांबूनही दिसत होतं.

"आरं," ते म्हणाले. मग एकदम ओरडले, "आरं, रंगा खाईना म्हंजे हे मटणच की रं! भाजीबिजी असती तर खाल्ली असती की त्यानं! इतकी वर्षं माझ्या तळहातावर रस्सा वततोय, सोता जिभंला लावंना. मटण असल्याबिगर ह्यो गडी वाटी ठिवतोय व्हय?"

ते तरातरा वर चढले, अण्णांची वाटी उचलली आणि मोठी फोड तोंडात टाकली. शंभर माणसं त्यांच्या जबड्याकडं बघत राहिली. काकांनी सवयीनं डोळे मिटले. चावलं, गिळलं, आणि मान हलवली.

बस्स. पुढं जे झालं त्याला रांग म्हणता येणार नाही. घातलेल्या चपला सुटल्या, खुर्चीखालच्या वाट्या वर आल्या. "मटणच हाय, अण्णांनी ठिवलं म्हंजे मटणच," असं लोक एकमेकांना पटवून देत होते. कुंटे सरांच्या तोंडून तासभर जे पटलं नव्हतं ते न खाणाऱ्यानं एका वाक्यात पटवलं होतं. पहिल्या रांगेतल्या मावशी दुसरी वाटी मागताना म्हणाल्या, "आज काय गुरुवार न्हाई." कुंटे सरांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं मटण वाढलं. मुंबईच्या माणसांनी मोबाइल खिशात ठेवले. हंडी बघता बघता रिकामी झाली.

पुढं ती कंपनी सरांनी दुसऱ्यांना चालवायला दिली, मीही यथावकाश तिथून बाहेर पडले. आता टाकीतल्या मटणावर कुणी वाद घालायला लागलं की मी ऐकत बसते. दोन्ही बाजूंचं मला थोडंथोडं पटतं. माझ्या मनात ती दुपार राहिली आहे ती लोकांच्या झुंबडीमुळं नाही.

आत झुंबड उडालेली असतानाच मी मागच्या दारानं बाहेर गेले. हॉलच्या मागं नळ होता. अण्णा कट्ट्यावर बसले होते. हात धुऊन झालेले, तरी पुन्हा धूत होते. मी त्यांच्यापुढं उकिडवी बसले. रडू येत होतं आणि सासऱ्यापुढं कसं रडायचं हे माहीत नव्हतं.

"आक्कांनी सांगितलं मला," मी म्हणाले.

त्यांनी नळ बंद केला. इकडंतिकडं बघितलं. आक्का जवळपास आहेत का, ते बघत असावेत. नव्हत्या.

"सांगायचं नसतंय ते," ते म्हणाले.

"मी नाही म्हटलं असतं तर खाल्लं असतंत?"

"खाल्लं असतं की. दोन वाट्या."

मला हसू आलं आणि त्यासरशी डोळ्यांतलं पाणीही खाली आलं. "माझ्यामुळं राहिलं तुमचं अण्णा. तेव्हाही आणि आजही."

"गप. खरं बोललीस, बरं झालं."

"इतकी वर्षं लोकांना करून वाढता. कधी खावंसं वाटलं नाही?"

"वाटतंय की. न वाटायला काय झालंय? हंडी उतरली की दर टायमाला वाटतंय." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "लई वाटतंय."

"मग काय करता?"

त्यांनी टोपी परत डोक्यावर चढवली आणि माझ्याकडं, सरळ माझ्याकडं बघितलं.

"घरी येतोय. तू परसात हिंडताना दिसतीस. सईवर वरडताना ऐकू येतीस," अण्णा म्हणाले. "भागतंय."